बोलायचं माप आणि लिहायचं माप

रिठदच्या बसथांब्यावरून गावात शिरलं की उजव्या हाताला देवमन अंभोरे याचं शिलाईचं दुकान लागतं. देवमनचं वय एकोणसत्तर. त्यातली सेहेचाळीस वर्षं त्याने या दुकानात मशीन मारण्यात घालवली. शाळेच्या चड्ड्या, नवरदेवांचे सफारी, चौदा एप्रिलचे पांढरे शर्ट, सारं त्याच्या हातचं. गावातल्या पुरुषांचं त्याच्याबद्दल एकच म्हणणं होतं, की देवमनच्या हातची पँट घातली की माणूस बारीक दिसतो. त्यामुळे रिसोडला आणि वाशीमला काचेची दुकानं झाली तरी साठीतली माणसं कापड काखेत मारून त्याच्याकडेच यायची.

मागच्या वर्षी वाशीमच्या डॉ. प्रसेनजित पडघान यांनी रिठदमध्ये एक पाहणी सुरू केली. डॉक्टर मूळचे कारंजा लाडचे, वयाने चाळिशीच्या आतले. म्हातारपणी माणसाची किडनी हळूहळू मंदावते हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ज्यांचं पोट सुटलेलं आहे, रक्तात इन्सुलिन चढलेलं आहे, त्यांची जास्त लवकर मंदावते का, हे त्यांना पाहायचं होतं. म्हणून साठीच्या पुढची एकशे चार माणसं त्यांनी निवडली. दर सहा महिन्यांनी प्रत्येकाचं उपाशीपोटी रक्त, लघवी आणि कमरेचं माप. माप घ्यायला आणि रक्त काढायला पल्लवी सरकटे नावाची नर्स स्कूटीवरून वाशीमहून यायची.

पल्लवी यायच्या आधी गावात एक बातमी पोचली होती. ती सोमला आडे याने सोडली होती. सोमला जवळच्या तांड्यावर राहायचा, वय बहात्तर, एके काळी ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम. धोतर सोडून पँट घालणारा तो तांड्यातला पहिला माणूस, आणि देवमनचा जुना दोस्त. चहाच्या हॉटेलात बसून तो गमतीने म्हणाला होता, "कंबर नव्वदच्या वर भरली का तो माणूस नापास. त्याले वाशीमले नेतात अन महिनाभर उकडलेली दुधी खाऊ घालतात." दोन दिवसांनी हीच बातमी दुसऱ्याच्या तोंडून त्याच्याकडे परत आली, तेव्हा ती त्याला खरी वाटली आणि तो घाबरला.

मग व्हायचं ते झालं. पल्लवीचा टेप कमरेजवळ आला की माणूस छाती वर उचलायचा, पोट पाठीला लावायचा आणि श्वास कोंडून धरायचा. सोमलाचे तर डोळे बाहेर यायचे. पल्लवी म्हणायची, "काका, श्वास सोडा." सोमला मान हलवून सांगायचा, सोडला. एकशे चारपैकी एकसष्ट माणसांची कंबर अठ्ठ्याऐंशी नाहीतर एकोणनव्वद सेंटिमीटर भरली.

देवमनचंही नाव यादीत होतं. पण पल्लवी आली की त्याच्याकडे नेमकं कुणाच्या तरी लग्नाचं काम निघायचं. दोनदा तिने बोलावलं, दोनदा तो म्हणाला, "पुढच्या खेपेले."

वाशीमला डॉक्टरांनी कागद समोर ठेवले आणि पल्लवीला विचारलं, "रिठदला कोणी तालीम काढली आहे का?"

"नाही सर."

"मग हे म्हातारे पैलवान कसे? कंबर पाहा आणि रक्त पाहा. इन्सुलिन वीस, बावीस, चोवीस. किडनीचा आकडा पन्नाशीत. इतक्या बारीक माणसांत हे बसत नाही. एक तर माझं डोकं चुकतंय नाहीतर तुझा टेप."

पल्लवीने नवा टेप घेतला आणि रिठदला निघाली. वाटेत तिच्या बॅगेचा पट्टा तुटला. म्हणून गावात शिरल्यावर ती आधी देवमनच्या दुकानात गेली.

देवमनने बॅग घेतली, मशीनखाली लावली. मागच्या दारात त्याची बायको पंचफुला बटणांचा डबा घेऊन शर्टाला बटणं लावत बसली होती. तेवढ्यात सोमला आला.

"टेलर, नातवाची सोयरीक पाह्याले जायचं हाय. एक पँट पाह्यजे."

देवमन उठला. गळ्यातला टेप काढून सोमलाच्या कमरेला घातला आणि विचारलं, "औंदा तुरीचं कसं हाय?" सोमला तुरीवरच्या अळीबद्दल बोलायला लागला. तो बोलत असतानाच देवमनने टेप पाहिला आणि मोठ्याने म्हणाला, "बत्तीस."

सोमलाने पल्लवीकडे पाहिलं. "ऐकलं का बाई. बत्तीस. लगन झालं तवाबी बत्तीसच होती. तुमी उगाच टेप घेऊन आमच्या मांगं लागल्या."

तो गेला. देवमनने वही उघडून माप लिहिलं आणि पट्टा शिवायला बसला. वही पल्लवीच्या समोरच होती. तिने सहज पाहिलं. सोमला आडेच्या नावापुढे दोन रकाने होते. एकाच्या डोक्यावर 'बो' लिहिलेलं, दुसऱ्याच्या डोक्यावर 'लि'. 'बो'च्या खाली बत्तीस. 'लि'च्या खाली अडतीस.

"काका, हे काय आहे?"

देवमनने मशीन थांबवलं. वही मिटून मांडीखाली घ्यायचा विचार त्याच्या मनात आला असावा, पण उशीर झाला होता.

"बोलायचं माप अन लिहायचं माप," तो म्हणाला. "ब्याऐंशी साली एका माणसाले म्या त्याचं खरं माप सांगितलं. तो तसाच उठला अन रिसोडले जाऊन शिवून आला. तवापासून मी शिकलो. गिऱ्हाइकाले बोलायचं येगळं, वहीत लिहायचं येगळं. पँट लिहिलेल्या मापाची शिवतो, म्हणून ती बसते. माणूस बोललेल्या मापात खुश राह्यतो. कोनाचं काय गेलं?"

"किडनी जाऊन राह्यली, काका."

"पँटीनं?"

"पँटीनं नाही. पोटानं. पोट वाढून राह्यलं हे त्यांना माहीतच नाही."

पल्लवीने विचारलं की अशा वह्या किती आहेत. फळीवर एकोणीस होत्या. सगळ्यात जुनी एकोणऐंशी सालची. गावातल्या बहुतेक प्रत्येक पुरुषाची कंबर, तरुणपणापासून आजपर्यंत, तारीख घालून लिहिलेली. पल्लवीने डॉक्टरांना तिथूनच फोन लावला. डॉक्टर इतक्या जोरात बोलायला लागले की तिने फोन कानापासून लांब धरला. त्यांना त्या वह्या पाहिजे होत्या.

"नाई," देवमन म्हणाला. "गिऱ्हाइकाची कंबर म्हंजे गिऱ्हाइकाची इज्जत. त्याच्या इचारल्याबिगर मी बाहेर काढत नसतो."

मागच्या दारातून पंचफुला म्हणाली, "दुसऱ्याचं राहू दे, पल्लवी. ह्यायचं माप घे आधी. साऱ्या गावाले टेप लावला, सोताले कधी लावला नाई. म्हणून तं नाड्याचा पायजमा घालतेत."

देवमनला ते लागलं. त्याने बॅग पल्लवीच्या हातात दिली आणि उभा राहिला. "घे. मी काई भेत नाई." टेप जवळ आला तसं त्याचंही पोट आपोआप आत गेलं. पण थोड्या वेळापूर्वी सोमलाच्या तुरीचं काय झालं हे पल्लवीने पाहिलेलं होतं.

"काका, तुम्ही पहिली पँट कोणाची शिवली?"

"माह्या मामाची," देवमन म्हणाला. "काळ्या टेरिकॉटची. एक पाय लांब झाला होता, मंग मामा म्हणे का माहा पायच..."

"एकशे नऊ," पल्लवी म्हणाली.

सेंटिमीटरचे इंच करायला देवमनला कागद लागत नव्हता. "त्रेचाळीस," तो हळूच म्हणाला.

"बोलायचं किती सांगू?" पल्लवीने विचारलं.

पंचफुला इतकी हसली की बटणांचा डबा तिच्या मांडीवरून पडला आणि मग तिघंही बराच वेळ जमिनीवर बसून बटणं गोळा करत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवमनचं रक्त घेतलं. चार दिवसांनी कागद आला आणि त्यासोबत डॉक्टरांचा निरोप, की काकांनी वाशीमला येऊन भेटावं. देवमन म्हणाला, काम हाय. पंचफुलाने दुकानाला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. सोमलाला कळलं तसा तोही निघाला, कारण वाशीमला जायला त्याला कारण लागत नसे.

डॉक्टरांच्या खोलीत तिघं एका रांगेत बसले. डॉक्टरांनी कागद देवमनपुढे सरकवला. "ही तुमची किडनी काका. सेहेचाळीस."

"शंभरपैकी?"

"तसंच धरा."

देवमनचा चेहरा उजळला. "पस्तीसले पास करतेत. म्हंजे मी निघालो."

"यात पास-नापास नसतं काका. तुमच्या वयाला साठ-सत्तर तरी पाहिजे होती. आणि हे पाहा, साखर एकशे बारा, फार नाही. पण इन्सुलिन बावीस. खरी गडबड इथे आहे." देवमनला ते समजलं नाही हे डॉक्टरांनी पाहिलं. त्यांनी पंचफुलाकडे वळून विचारलं, "काकू, जेवण झालं की तुम्ही काकांना हाक मारता?"

"मारतो ना."

"ते येतात?"

"पहिल्या हाकेले नाई येत. मंग दुसरी मारतो. मंग तिसरी. मंग गल्लीतले लोक येतेत, हे येत नाईत."

"इन्सुलिनचं तसंच असतं," डॉक्टर म्हणाले. "साखर शरीरानं आत घ्यावी म्हणून ते हाक मारतं. पोटावर चरबी चढली की शरीर ऐकेनासं होतं. मग आणखी मोठ्यानं हाक मारावी लागते. बावीस म्हणजे काकूंची चौथी हाक. हे असं वर्षानुवर्षं चाललं की नसा बिघडतात आणि किडनी थकते. त्यात वयानं ती थोडी मंदावलेली असतेच."

पंचफुलाने मान डोलावली. इतक्या वर्षांत तिची बाजू एवढी नीट कुणी मांडली नव्हती.

"गोळ्या कोणत्या घेता?" डॉक्टरांनी विचारलं.

देवमनने खिशातून एक पाकीट काढलं. गुडघ्यांची गोळी. मशीन मारून गुडघे दुखायचे म्हणून रोज एक, थंडीत दोन. ती त्याला सोमला द्यायचा. सोमलाने ऊसतोडीच्या दिवसांत पाठ दुखते म्हणून ती सुरू केली होती. आता पाठ दुखत नव्हती, पण गोळी चालू होती, आणि एकट्याने खाणं बरं दिसत नाही म्हणून तो अर्धं पाकीट दोस्ताला द्यायचा.

डॉक्टरांनी पाकीट हातात घेतलं आणि वरचं नाव वाचलं. "हे आजपासून बंद. दुखण्याच्या अशा गोळ्या रोज खाल्ल्या की किडनीचं नुकसान होतं. दोघांचंही." मग त्यांनी सोमलाचा कागद काढला. "सोमलाकाका, तुमचं मला समजतच नाही. किडनी अठ्ठावन्न, इन्सुलिन एकोणीस. पण कंबर अठ्ठ्याऐंशी. एवढ्या कमरेला एवढं इन्सुलिन नको. तुम्ही काय खाता?"

सोमला ताठ बसला. "कंबर तं बत्तीस इंच हाय डॉक्टरसाहेब. जवानीपासून तेवढीच. टेलरले इचारा."

डॉक्टरांनी देवमनकडे पाहिलं. पल्लवी कोपऱ्यात काहीतरी लिहीत होती, तिचं लिहिणं थांबलं. तिने डॉक्टरांना कुणाचं नाव सांगितलं नव्हतं. पंचफुलाही नवऱ्याकडे बघायला लागली. देवमनला वाटलं, आपण बत्तीस म्हणावं आणि घरी जावं. चाळीस वर्षं म्हणतच होतो. मग त्याची नजर टेबलावरच्या गोळ्यांच्या पाकिटाकडे गेली.

"अडतीस," तो म्हणाला.

"कोनाची?" सोमलाने विचारलं.

"तुही."

"कवापासून?"

"अडतीस होऊन सहा वर्षं झाली. त्याच्या आधी सदतीस होती. बत्तीस तुही आणीबाणी उठली तवा असंन, ते माह्या वहीत नाई. माह्या वहीत तू चौतिसापासून हायेस."

सोमला हळूहळू खुर्चीतून उठला. तो रागावला आहे असं वाटत नव्हतं. काहीतरी आठवल्यासारखा दिसत होता. "मंग तो दुकानदार," एवढंच तो म्हणाला आणि बाहेर निघून गेला.

देवमन आणि पंचफुलाला वाटलं, तो स्टँडवर गेला. पण स्टँडवर सोमला नव्हता. तो पाटणी चौकाकडे गेला होता. चार वर्षांपूर्वी तिथल्या एका कपड्यांच्या दुकानात त्याने बत्तीसची तयार पँट मागितली होती. ती मांडीच्या वर चढली नाही. दुसरी घेतली, तीही नाही. मग सोमलाने भर दुकानात त्या माणसाला लबाड म्हटलं, कंपनीला लबाड म्हटलं, आणि बत्तीसच्या नावाने तीसचा माल विकता म्हणून अर्धा तास भांडला होता. रिठदला येऊन ही गोष्ट त्याने किती वेळा सांगितली होती याचा हिशेब नव्हता.

आता तो त्याच दुकानाच्या दारात उभा राहिला. दुकानदार कापड घडी करत होता.

"भाऊ, मी चार वर्षांआंधी आलतो," सोमला म्हणाला. "बत्तीसच्या पँटीवरून तुमाले लय बोललो होतो. माही कंबर अडतीस हाय. मले आज समजलं. माफी मांगाले आलो."

दुकानदाराने त्याला नीट पाहिलं. "तुमी रिठदचे का?"

"तांड्यावरचा. रिठदच्या बाजूचा."

"मंग बसा काका. मले तुमी आठवत नाई. महिन्यातून दोघं-तिघं येतात असे, अन सारे तिकडचेच निघतात. आमाले वाटे, रिठदच्या पाण्यात काई असंन."

त्याने सोमलाला पाणी दिलं. सोमला पाणी प्यायला, स्टँडवर आला, आणि रिठदपर्यंत खिडकीतून बाहेर बघत राहिला. त्यानंतर आठ दिवस तो दुकानाकडे फिरकला नाही.

पण आपण एकटेच अडतीस का राहावं, असं त्याला वाटलं असणार. कारण तिसऱ्या दिवसापर्यंत वहीतल्या दोन रकान्यांची गोष्ट साऱ्या रिठदला माहीत झाली. चहाच्या हॉटेलात चर्चा भरली. काही जण म्हणाले, टेलरनं फसवलं. काही म्हणाले, फसवलं कुठं, पँट तर बसत होती. ज्यांनी वर्षानुवर्षं आपली कंबर बायकोला, व्याह्यांना, जावयाला सांगितली होती ते गप्पच बसले.

मग दुपारच्या वेळी, रस्त्यावर कोणी नसताना, माणसं एकेक करून दुकानात यायला लागली. पहिले आले दौलतसिंग गुरुजी. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं गणित शिकवलं होतं. त्यांनी मागे वळून पाहिलं आणि विचारलं, "देवमन, माझं?"

"चाळीस गुरुजी."

"तू मला चौतीस म्हणत होतास."

"हो."

गुरुजींनी त्याच्या टेबलावरचा खडू उचलला. "साल सांग." देवमनने वह्या काढल्या आणि सालं सांगितली. गुरुजींनी दुकानाच्या भिंतीवर आडवी रेघ मारली, उभी रेघ मारली आणि ब्याण्णव सालापासूनची आपली कंबर ठिपक्या-ठिपक्यांनी काढली. ठिपके जोडल्यावर ती रेघ वर वरच गेली. "सहावा वेतन आयोग इथे," एका उंच ठिपक्यावर बोट ठेवून ते म्हणाले. "थकबाकी मिळाली होती. आम्ही रोज श्रीखंड खात होतो." मग त्यांनी खडू जागेवर ठेवला आणि विचारलं, "अन सरपंचाची किती?"

"ते नाई सांगनार."

"बरोबर आहे," गुरुजी म्हणाले. त्यांना ते आवडलं. दुसऱ्या दिवशी पल्लवीने आणलेल्या, वहीतलं माप डॉक्टरांना द्यायच्या संमतीच्या कागदावर पहिली सही त्यांनीच केली. सहीच्या खाली त्यांनी लिहिलं, 'आलेख मला दाखवावा.' त्यांच्यामागे सदतीस जणांनी सह्या केल्या. सही करायला आलेला प्रत्येक माणूस आधी भिंतीवरची रेघ कुणाची आहे हे विचारायचा. देवमन सांगायचा नाही, पण गुरुजींनी खाली आपलं नाव लिहून ठेवलं होतं.

देवमनने 'बो'चा रकाना वहीतून काढून टाकला. आता तो एकच माप घ्यायचा आणि तेच मोठ्याने सांगायचा. पंधरा दिवस पँट शिवायला कोणी आलं नाही. लोक बाजारातून इलास्टिकच्या विजारी आणायला लागले. पंचफुला म्हणाली, "लोकाईले थोडं हळू तरी सांगा." देवमन म्हणाला, "हळू सांगून सांगून तं हे झालं."

त्याच दिवसांत, वाशीमहून परतल्याच्या नवव्या दिवशी सकाळी सोमला आला. त्याच्यासोबत त्याची बायको धुरपताबाई होती. ती दुकानात न येता रस्त्यावरच उभी राहिली. सोमला आत आला, दोन्ही हात वर केले आणि म्हणाला, "माप घे."

देवमनने टेप घातला. या वेळी त्याने तूर विचारली नाही. सोमलानेच पोट सैल सोडलं.

"अडतीस."

"आनखी मोठ्यानं सांग. तिले ऐकू गेलं पाह्यजे. घरात आठ दिवसांपासून मी तोंड लपवून राह्यलो. आज एकदाचं सांगून टाक."

"अडतीस," देवमनने रस्त्याकडे तोंड करून सांगितलं.

"मले कायले सांगता?" धुरपताबाई बाहेरून म्हणाली. "पन्नास वर्षं झाली, यायचे कपडे मीच धुवून राह्यली. दोरीवर टाकलं का दिसते ना."

सोमलाने हात खाली केले. "मंग तू बोलली काहून नाई?"

"तुमी खुश होते."

तिने एवढं सांगितलं आणि ती पंचफुलाकडे मागच्या दाराने चहा प्यायला गेली. दोघी बायका आत काय बोलल्या ते कळलं नाही, पण त्या दिवसापासून दोन्ही घरांतला चहा बिनसाखरेचा झाला.

डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, म्हणून दोघं दोस्त रोज सकाळी दुकानापासून तांड्यापर्यंत चालत जायला लागले. पहिल्या दिवशी ते हॉटेलपर्यंत गेले, तिथे दम लागला म्हणून बसले, बसलोच आहोत तर म्हणून भजी खाल्ली आणि परत आले. दोन्ही बायकांना ते घरी पोचायच्या आधी कळलं. दुसऱ्या दिवसापासून धुरपताबाई तांड्याच्या वळणावर उभी राहायची आणि पंचफुला दुकानाच्या दारात. दोघी एकमेकींना फोन करायच्या. "निघाले का?" "निघाले." "पोचले का?" "हॉटेलाच्या पुढं गेले, हे दिसून राह्यले." मधल्या रस्त्यात पळून जायला जागाच उरली नाही.

गोळ्या बंद झाल्यावर देवमनचे गुडघे पहिला महिना फार दुखले. तो मशीनवरून उठताना आई-बापाचं नाव घ्यायचा. पंचफुलाने कुळथाच्या गरम पुरचुंडीने शेक दिला, मुलीने वाशीमहून मशीनला लावायची मोटर पाठवली, म्हणजे पाय मारायला नको. मोटर इतकी जोरात चालायची की पहिल्याच दिवशी एका शर्टाची बाही त्याने खिशाला शिवली. सोमला शेजारी बसून दिवसभर हसला. पण महिन्याभराने गुडघ्यांचं दुखणं कमी झालं. वजन उतरत होतं, त्यामुळे असेल, असं पल्लवी म्हणाली.

हळूहळू गिऱ्हाईकही परतलं. इलास्टिकच्या विजारी सोयरिकीला घालून जाता येत नाही हे लोकांच्या लक्षात आलं. माप ऐकताना माणसं आता डोळे मिटून घ्यायची, पण ऐकायची. एक-दोघांनी तर मापाची चिठ्ठी मागून घरी नेली. सरपंचही एके दुपारी आले. भिंतीपाशी उभे राहून गुरुजींची रेघ त्यांनी बारकाईने पाहिली, आणि आपला आकडा ऐकल्यावर पहिल्यांदा एवढंच विचारलं, की गुरुजींपेक्षा जास्त आहे का. देवमन म्हणाला, "गुरुजी तुमचं इचारत होते, तवाबी म्या सांगितलं नाई."

सहा महिन्यांनी तिघं परत वाशीमला गेले. डॉक्टरांनी दोघांचे कागद शेजारी-शेजारी ठेवले. देवमनची कंबर एकशे तीन सेंटिमीटर. इन्सुलिन पंधरा. किडनी पन्नास. सोमलाची कंबर, श्वास सोडून, चौऱ्याण्णव. किडनी एकसष्ट.

"हे चांगलं आहे," डॉक्टर म्हणाले. "त्या गोळ्या बंद केल्याचा फायदा दिसतो आहे. पण काका, यापुढे ती साठ-सत्तर होईल अशी आशा धरू नका. जे गेलं ते गेलं. आहे ते टिकवायचं."

पंचफुलाचा चेहरा उतरला. देवमनने तिच्याकडे पाहिलं. "कापड इरलं का ते काई परत नवं होत नाई," तो तिला समजावत म्हणाला. "पन दगडावर आपटनं बंद केलं तं आनखी पंधरा वर्षं अंगावर राह्यते. मी असे सदरे पाह्यले हायेत." डॉक्टरांनी ते वाक्य त्याला परत म्हणायला लावलं आणि आपल्या वहीत लिहून घेतलं.

सोमलाने मात्र डॉक्टरांना विचारलं, "माही एकसष्ट अन याची पन्नास. म्हंजे मी याच्या पुढं हावो ना?"

"हो."

"एवढंच पाह्यजे होतं," सोमला म्हणाला.

दुपारी रिसोडच्या बसमध्ये गर्दी होती. तिघांना मिळून एकच सीट मिळाली, तीन माणसांची. पंचफुला खिडकीशी बसली, देवमन मधे, सोमला कडेला. कंडक्टर आला तेव्हा सोमलाचा एक पाय आणि बरंच काही मधल्या वाटेत होतं. "काका, थोडं आत सरका," कंडक्टर म्हणाला. सोमला सरकला. देवमन सरकला. पंचफुला म्हणाली की तिच्या पलीकडे आता फक्त खिडकी आहे. मग सोमला उठला, रिठद येईपर्यंत दांडी धरून उभा राहिला आणि प्रत्येक चढणाऱ्या माणसाला सांगत राहिला, की बसायला जागा आहे, पण डॉक्टरांनी उभं राहायला सांगितलं आहे.